फ्लेमिश ही डचपेक्षा वेगळी भाषा आहे का? मुलगी गेंटला चाललीय

कारेलीबागकर:
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे. मुलीला बेल्जियममध्ये गेंटला एमएस्सीसाठी प्रवेश मिळालाय, सप्टेंबरात निघेल. शिकवणं इंग्रजीतच आहे, पण बाजारहाट, घरमालक, दवाखाना यांपुरती तरी भाषा यावी म्हणून तीन महिने ती ऑनलाइन डच शिकतेय. बाई नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या आहेत, छान शिकवतात. परवा शेजारच्या गुजराती कुटुंबात विषय निघाला. त्यांचे नातेवाईक अँटवर्पला हिऱ्यांच्या धंद्यात आहेत. ते म्हणाले, "तिकडे डच नाही, फ्लेमिश चालते. फी पाण्यात गेली." तेव्हापासून पोरीने वही उघडलेली नाही. वर्ग बंद करून फ्लेमिशचा शोधू का? तिकडे राहिलेल्या कुणीतरी सांगा.

दांडियाबाजारची लेक:
काका, वर्ग अजिबात बंद करू नका. मी दांडिया बाजारात वाढले, आठ वर्षं गेंटला आहे आणि तुमच्या मुलीसारखीच नेदरलँड्सच्या बाईंकडे शिकून आले.

बेल्जियमच्या राज्यघटनेच्या चौथ्या कलमात चार भाषिक प्रदेश दिलेत: डच, फ्रेंच, दोन्ही भाषांचं ब्रसेल्स आणि जर्मन. फ्लेमिश नावाचा प्रदेश त्यात नाही. उलट १९७३ साली फ्लेमिश लोकांच्याच, म्हणजे बेल्जियमच्या उत्तर भागातल्या डचभाषकांच्या, सभागृहाने कायदा केला की आमच्या भाषेचं नाव 'नेदरलांट्स', म्हणजे डच. १९८० मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्स या दोन्ही देशांनी करार करून टालयुनी ही सामाईक भाषासंस्था काढली. शुद्धलेखन दोन्हीकडे एकच.

आणि हे नाव त्यांना सहज मिळालेलं नाही. १८३० साली बेल्जियम झाला तेव्हा कोर्ट, कचेऱ्या, सैन्यातले अधिकारी, विद्यापीठ, सगळीकडे फ्रेंचचं राज्य. कायद्यांत डचला फ्रेंचच्या बरोबरीने बसवायला १८९८ उजाडलं. गेंट विद्यापीठ पूर्णपणे डच व्हायला १९३०! तुमची बोली घरात ठीक, शिकलेल्यांची नव्हे, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं, त्यांनी 'आमची भाषा हीच ती मोठी भाषा' असं ठणकावून सांगितलं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

आता फरक. तो आहे, आणि रोजच्या बोलण्यात जाणवतो. पहिल्या हिवाळ्यात घरमालकीण आजींनी मला रविवारी 'मिदाख'ला जेवायला बोलावलं. पुस्तकात मिदाख म्हणजे दुपार, म्हणून मी तीनला गेले. टेबलावर सूपचं भांडं ताटली झाकून ठेवलेलं, शेजारी दोन वाट्या कोरड्या. आजी बारापासून वाट बघत होत्या. बेल्जियमकडे मिदाख म्हणजे साधारण बारा ते दोन, जेवणाची वेळ. नंतरच्या दुपारला 'नामिदाख' म्हणतात. आजी रागावल्या नाहीत, सूप पुन्हा गरम केलं, पण मला आजही ती झाकलेली ताटली दिसते.

असे शब्द बरेच. 'लोपे' म्हणजे नेदरलँड्सला चालणं, इथे धावणं. 'तास' म्हणजे तिकडे पिशवी, इथे कॉफीचा कपसुद्धा. फ्रिजला तिकडे 'कूलकास्ट', इथे घरोघर 'फ्रिगो'. 'तू'साठी तुमच्या मुलीला 'येय' शिकवलं असेल, इथे 'घेय' ऐकू येईल.

पण काका, आपली आजी "तडक्यात खेळू नका" म्हणायची ना? पुण्याच्या माणसाला तडका म्हणजे फोडणी, आपल्याला गुजरातीमुळे ऊन. 'बारी लाव' म्हणजे खिडकी लाव, 'मला तिथे फावत नाही' म्हणजे मानवत नाही, हे आपण रोज बोलतो. पुण्यात शिकायला गेले तेव्हा वर्गात मला सगळ्यांसमोर सांगितलं गेलं की तू बोलतेस ती मराठी नव्हेच. त्या दिवशी खोलीवर येऊन मी रडले. २०१८ चं साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात झालं, ते मराठीचंच ना? म्हणून सांगते, तिकडे कुणाच्या बोलण्याला 'हे खरं डच नाही' असं तिने कधी म्हणू नये.

वाडीतला:
ताईंशी सहमत, एक भर घालतो. मी चार वर्षं नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला होतो. देशांची सीमा आणि बोलींची सीमा एक नाही. आइंडहोव्हन आणि अँटवर्प दोन्ही ब्राबांती बोलींच्या पट्ट्यात, मध्ये देश बदलतो एवढंच. खरी अडचण ब्रुगा, कॉर्त्रैक भागातल्या पश्चिम फ्लेमिशची. भाषांच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक यादीत तिला वेगळा संकेत आहे, आणि तो 'व्लाम्स' म्हणजे फ्लेमिश याच नावाने! सर्वसाधारण डचच्या संकेतापुढे मात्र 'डच, फ्लेमिश' अशी दोन्ही नावं. शेजाऱ्यांचा घोळ अशाच कशातून झाला असेल.

दांडियाबाजारची लेक:
दादा, अगदी बरोबर. माझा एक सहकारी कॉर्त्रैकचा आहे. तो आईशी फोनवर बोलतो तेव्हा मला निम्मंही कळत नाही. टीव्हीवर तिकडची माणसं बोलली की खाली डच अक्षरं येतात, तीही इथल्याच प्रेक्षकांसाठी. पण फोन ठेवून माझ्याकडे वळला की स्वच्छ पुस्तकी डच. पाहुण्याशी सगळेच तसं बोलतात. काका, तिला आतापासून रोज अर्धा तास फ्लेमिश बातम्या ऐकू द्या, कान तयार होईल.

कारेलीबागकर:
मंडळी, मनापासून आभार. सगळं तिला वाचून दाखवलं. वही उघडलीय, 'मिदाख'पुढे लाल शाईने 'बारा ते दोन' लिहिलंय. विचारतेय, सूप कशाचं होतं?

दांडियाबाजारची लेक:
लीकचं. कांद्याच्या पातीसारखंच, पण मनगटाएवढं जाड. तिला म्हणावं, पोचल्यावर कळव, माझ्याकडे करू. बारा वाजता.