मदत हवी आहे: रुबिडियमच्या फ्लुरोसन्सवरून चुंबकीय क्षेत्र मोजताना टोकाच्या रेषा पसरतात

नमस्कार मंडळी,

रुबिडियम-८७ चा मॉट (लेझर आणि चुंबकीय क्षेत्राने अणूंचा थंड ढग धरून ठेवणारा सापळा) चालू आहे. मोलॅसेसमध्ये (कॉइल बंद करून नुसत्या लेझरने थंड करायच्या टप्प्यात) अणू आणखी थंड करायचे, तर ढगाच्या जागचं क्षेत्र शून्याजवळ आणायला हवं. व्हॅक्युममध्ये हॉल प्रोब (क्षेत्र मोजणारा सेन्सर) घालता येत नाही आणि बाहेरचा प्रोब आतलं खरं सांगत नाही. म्हणून अणूंकडूनच काढून घेतोय: रीपंपर (अणूंना एफ=१ मधून परत एफ=२ मध्ये आणणारा लेझर) आधी बंद करून सगळे एफ=१ मध्ये, म्हणजे दोन मूळ पातळ्यांपैकी खालच्या पातळीत, पाडायचे, ६.८३४ गिगाहर्ट्झच्या आसपास १०० मायक्रोसेकंदांचा मायक्रोवेव्ह पल्स द्यायचा, मग ७८० नॅनोमीटरचा झोत टाकून एफ=२ मध्ये किती गेले ते फोटोडायोडवर बघायचं.

मायक्रोवेव्हची फ्रिक्वेन्सी बदलत नेली की सात रेषा मिळतात, दोन रेषांत अंतर दर गॉसला ०.७ मेगाहर्ट्झ. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. मधल्या रेषेची रुंदी १० किलोहर्ट्झच्या आत, पल्सच्या मानाने ठीकच. शेजारच्या मात्र २० च्या वर आणि टोकाच्या तब्बल ६०! मधलीवर क्षेत्राचा परिणाम जवळजवळ नसतो, तेव्हा भानगड क्षेत्राचीच. हिशेबाने ३० मिलिगॉसचा फैलाव. पण तो जागेतला की वेळेतला? चेंबर स्टीलचा, त्यामुळे कॉइल बंद केल्यावर एडी करंट (बदलत्या क्षेत्राने धातूत उठणारे प्रवाह) रेंगाळत असणार. शिवाय मेन्सच्या विजेचं ५० हर्ट्झचं क्षेत्र आहेच. सहकारी म्यु-मेटल (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) मागवू म्हणतोय. कारण कळल्याशिवाय तो खर्च मला पटत नाही.

प्रतिसाद:

म्यु-मेटल तूर्त राहू द्या. आधी ५० हर्ट्झचा निकाल लावा: प्रत्येक शॉट मेन्सच्या एकाच फेजवर सुरू करा. एका पल्सपुरतं क्षेत्र फारसं हलत नाही, पण स्कॅनमधला प्रत्येक बिंदू वेगळ्या फेजला पडला की रेषा विस्कटते. फेज बांधल्यावर ती बारीक झाली तर चोर सापडला.

नाही झाली, तर कॉइल बंद केल्यापासून पल्सपर्यंतचा वेळ वाढवत न्या. एडी करंट असतील तर रेषेचा मध्य सरकत जाऊन स्थिरावेल. ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारं क्षेत्र) असेल तर उलट, ढग फुगतो तशी रेषा आणखी रुंदावेल. फार थांबू नका, २० मिलिसेकंदांत ढग २ मिलिमीटर खाली येतो.

फोटोडायोडऐवजी कॅमेरा लावता आला तर उत्तमच. ग्रेडियंट असल्यास टोकाच्या रेषेवर ढगाचा एक पट्टाच उजळतो आणि फ्रिक्वेन्सी बदलली की तो सरकतो.

आणि ग्रेडियंटच निघाला तर: तुमच्या आयन पंपाचं (व्हॅक्युम राखणाऱ्या पंपाचं) चुंबक ढगापासून किती लांब आहे?