जुळे सोलापुरात राहायला आलोय, मुलाला आणि सासूबाईंना घेऊन जवळपास कुठं कुठं फिरता येईल?

जुळेसोलापूर_नवीन

नमस्कार सगळ्यांना. आम्ही ठाण्याहून चार महिन्यांपूर्वी इकडं आलो, मिस्टरांची बदली झाली म्हणून, आणि घर जुळे सोलापुरात घेतलंय भाड्यानं. मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. सासूबाई सोबत आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, जास्त चढउतार जमत नाही, पण घरात बसून त्या कंटाळल्यात. त्यांचं माहेर सोलापूरच, वडील गिरणीत होते, पण लग्नानंतर चाळीस वर्षं त्यांनी हे गाव नीट बघितलंच नाही, लग्नकार्याला यायचं नि दुसऱ्या दिवशी परत. आता रोज म्हणतात की भोंगा वाजत नाही गं आता, सकाळ झालेली कळत नाही.

आमच्याकडं एक स्कूटी आहे, नाहीतर रिक्षा. शेजारच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या सोलापुरात काय आहे बघायला, तुळजापूर नाहीतर अक्कलकोटला जावा. तिकडं जाऊच, पण दर रविवारी देवदर्शन नको, आणि मॉलमध्ये मुलाला नेऊन सोडायचं पण मनातून नकोय. घराजवळच्या बागेत गेलो होतो, तिथं झोपाळ्याची साखळी तुटलेली, मुलगा पडता पडता वाचला. तर संध्याकाळी तासाभरासाठी आणि रविवारी अर्ध्या दिवसासाठी अशी ठिकाणं सांगा प्लीज. मुलाला पक्षी, किल्ले, जुन्या गोष्टी आवडतात. सासूबाईंना बसायला जागा आणि सावली पाहिजे.

खंड्या_विजापूररोड

ताई तुम्ही तर तलावाच्या शेजारीच राहताय की! विजापूर रोडला कंबर तलाव आहे, कागदोपत्री धर्मवीर संभाजी तलाव, पण रिक्षावाल्याला कंबर तलावच सांगा. मी गेली बारा-तेरा वर्षं तिथं सकाळी जातोय. थंडीत पाहुणे पक्षी असतात पण माझं म्हणणं असं की आपले कायमचे राहणारे पक्षी आधी बघावेत, मुलांना ते पटकन ओळखता येतात आणि मग गोडी लागते. जांभळी पाणकोंबडी बघा, निळा-जांभळा अंगरखा आणि लाल चोच, कडेच्या लव्हाळ्यात पाय उचलून उचलून चालती. वारकरी म्हणजे काळा पक्षी, कपाळाला पांढरा टिळा, म्हणून वारकरी नाव, हे मुलाला सांगा तो कधी विसरायचा नाही. कमळपक्षी पानावर चालतो, त्याची बोटं इतकी लांब असतात की वजन पसरतं नि पान बुडत नाही. शेकाट्या लाल काटकुळ्या पायांचा. खंड्या तर तारेवर बसलेला असतोच.

जलपर्णी मधनंमधनं वाढती तिथं, ते बघून आमचा जीव तुटतो, हिरवीगार दिसती म्हणून लोक फोटो काढतात पण खाली पाण्याला ऊन आणि हवा मिळत नाही. मुलाला तेही दाखवा.

तलावाजवळच स्मृती उद्यान आहे, झाडी चांगली आहे, आजींना सावलीत बसायला बरं. रेवणसिद्धेश्वराचं मंदिर पण तिथंच. सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ धरा. नऊच्या पुढं पक्षी पण सावलीत जातात आणि आपण पण जावं.

पार्कचौक_७७

भुईकोट किल्ला. मुलाला किल्ले आवडतात म्हणताय तर पहिला हाच. गावाच्या मधोमध आहे, चढ म्हणाल तर नाहीच, भुईकोट म्हणजेच जमिनीवरचा कोट. बहमनी काळातला आहे, दुहेरी तटबंदी, बाहेर खंदक, आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, म्हणजे त्या बाजूनं पाण्याचीच भिंत. आत जुन्या मंदिराचे कोरीव खांब सापडलेत ते नक्की बघा, कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचं मंदिर ते. 1818 ला इंग्रजांनी पेशव्यांकडून हा किल्ला घेतला. तिकीट काढून आत जायचं, पैसे थोडकेच. दुपारी चारला जावा, दोन तास आरामात जातात, बुरुजावरनं तलाव आणि मधलं मंदिर बघत उभं राहिलं की मुलाला समोरच दिसतं की किल्ला हितंच का बांधला.

खंड्या_विजापूररोड

चारला?? थंडीत ठीक आहे, पण मार्च ते मे महिन्यात चारला तो दगड तापलेला असतो, 42-43 डिग्री असतंय हो आपल्याकडं, आजींना नका नेऊ त्या वेळेला. उन्हाळ्यात किल्ला सकाळीच करायचा.

पार्कचौक_७७

बरोबर आहे, उन्हाळ्यात सकाळी. मी थंडीचं धरून बोललो.

अजून एक, किल्ल्यावरनं निघालात की चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबा, पार्क चौकाजवळच आहेत. लोक तिथं सिग्नलला उभारतात आणि मान वर करून बघत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला चौघांना येरवड्याला फाशी दिली. 1930 च्या मे महिन्यात सोलापूर इतकं पेटलं होतं की इंग्रज अंमलदारांना काही दिवस गाव सोडावं लागलं, नंतर मार्शल लॉ लावला, त्यात गांधीटोपी घालणं पण गुन्हा झाला. चौघांची आडनावं मुलाला वाचायला लावा, एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान, सगळे ह्याच गावचे. माझ्या आजोबांनी मला बोट धरून तिथं उभं केलं होतं, मी माझ्या पोरीला केलं.

बाराबंदी

ताई सिद्धेश्वर मंदिर कसं काय सांगितलं नाही कुणी अजून! देवदर्शन नको म्हणालात ते समजलं पण हे नुसतं दर्शन नाही, सोलापूर कळायचं असेल तर सुरुवात हितनंच करायला लागती. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या ओढीनं गेले आणि परत येऊन त्यांनी हितं तळं खोदलं, गावाभोवती 68 लिंगं स्थापन केली असं आपल्याकडं मानतात. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत, प्रत्येक वचनाच्या शेवटी कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचं नाव येतं. म्हणजे आपल्या गावचा देव कन्नड बोलतो, पूर्व भागात तेलुगू बोलतात, आपण मराठी, आणि जत्रा सगळ्यांची एकच.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा चुकवू नका काही झालं तरी. सात नंदीध्वज असतात, उंचच उंच काठ्या, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं कमरेच्या पट्ट्यात तोलून नेतात. मी स्वतः उचलतो, आधी महिनाभर सराव असतो, वारा आला की काठी अशी झुकती की पोटात गोळा येतो, आणि शेजारचा हात लावतो नि परत उभी राहती. पहिल्या दिवशी 68 लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. कुंभाराच्या मुलीला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, ते योगी, मग योगदंडाशी तिचं लग्न लावलं, त्याची ही आठवण. सगळे पांढऱ्या कपड्यात, एका वेळी अक्षता पडतात, "सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम" म्हणतात, ऐकताना अंगावर काटा येतो, दरवर्षी येतो. होम मैदानावर पाळणे, खेळणी, मुलाला तो एक महिना पुरणार नाही. आजींना मात्र अक्षतेच्या गर्दीत नेऊ नका, आधल्या आठवड्यात सकाळी मंदिरात न्या, तळ्याच्या कडेला कट्टे आहेत, वारा असतो, निवांत बसता येतं.

किंक्रांतीला तुमच्या जवळच्या रेवणसिद्धेश्वराला पण यात्रा असती, ते चालत जाण्यासारखं आहे तुम्हाला.

जुळेसोलापूर_नवीन

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, नंदीध्वजाचं ऐकून त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या माझे वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे. गिरणीचं काही बघायला शिल्लक आहे का हो? त्यांचे वडील जुन्या गिरणीत होते.

साखरपेठकर

आजींना सांगा आमच्या घरात पण भोंग्यावरच दिवस चालायचा. जुनी गिरणी म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, 1877 ची, आपल्याकडची पहिली मोठी कापड गिरणी. नंतर लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. सगळ्या बंद पडल्या. आत जाऊन बघण्यासारखं म्हणून काही मांडून ठेवलेलं नाही, हे मी स्पष्टच सांगतो म्हणजे आजींची निराशा व्हायला नको. पण हात अजून चालू आहेत. पूर्व भागात साखर पेठ, अशोक चौक ह्या बाजूला सकाळी गल्लीतनं चाललात तर यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो, आम्ही पद्मशाली लोक, तेलंगणातनं आमचे पूर्वज ह्या गिरण्यांसाठी आणि मागासाठीच आले. ओळखीनं एखाद्या कारखान्यात मुलाला नेता आलं तर जकार्डची चादर विणताना दाखवा, वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरत असतात आणि त्या भोकांवरनं ठरतं की कुठला धागा वर उचलायचा, त्यातनं मोर, फुलं उमटतात. आठ वर्षांच्या पोराला हे फार आवडतं, माझा नातू तासभर हलला नाही. आत कापसाचा बारीक धुरळा असतो, तोंडाला रुमाल बांधा, आणि आधी विचारून जावा, काम चालू असतंय.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा आमच्याकडं या सगळे.

आणि आजींना संध्याकाळी इंद्रभुवन दाखवा. अप्पासाहेब वारदांनी बांधलेला वाडा, पुढं त्यात महापालिका आली, आता दुरुस्त करून रंगवलाय, दिवे लागल्यावर त्यांना त्यांचं लहानपणचं गाव ओळखू येईल असं मला वाटतं.

माळरान

थोडं लांबचं सांगू का, जुळे सोलापूर विजापूर रोडलाच आहे म्हणून. त्याच रोडनं हत्तरसंग कुडल, 40 किमीच्या आसपास, दक्षिण सोलापूर तालुक्यातच. भीमा आणि सीनेचा संगम, काठाला संगमेश्वराचं मंदिर, आणि त्याच्या तुळईवर शके 940 चा म्हणजे इ.स. 1018 चा शिलालेख, त्यातली शेवटची ओळ मराठी, "वाछि तो विजेया होईवा". वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीचं मराठी आपल्या घरापासून तासाभरावर! मुलगा तिसरीत आहे म्हणजे अक्षरं जुळवत वाचायचं वय, त्याला खाली उभं करून ते वाक्य सांगा. शेजारी हरिहरेश्वर मंदिरात एक शिवलिंग आहे त्यावर शेकडो छोटे शिवमुख कोरलेत, 359 मोजलेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोजायला बसलो आणि साठच्या पुढं चुकलो. पाणी आणि डबा घरनं न्या, शेंगा चटणी नि कडक भाकरी असली की झालं.

नान्नजचं माळढोक अभयारण्य पण आहे बार्शी रोडला, 1979 पासूनचं, पण खरं बोलतो, माळढोक दिसेल या आशेनं मुलाला नेऊ नका, फार फार कमी राहिलेत. काळवीट मात्र दिसतात, गवताच्या माळावर कळप उड्या मारत जाताना बघितलं की मुलगा माळाला ओसाड म्हणणार नाही. लोक माळ म्हणजे पडीक जमीन समजून झाडं लावायला जातात, माळढोकाला उघडं गवतच लागतं.

केगावची_बाई

पावसापाण्याच्या दिवशी केगावचं विज्ञान केंद्र, पुणे रोडला विद्यापीठाजवळ. तुमच्यापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला पडतं, रिक्षानं महाग जातं, पण तारामंडळ आहे. आणि भैय्या चौकाजवळचं डॉ. कोटणीस स्मारक. 1938 ला चीनला गेलेले आपल्या सोलापूरचे डॉक्टर, 1942 ला 32 व्या वर्षी तिथंच गेले. माझी मुलगी नर्सिंग करते, तिला मी मुद्दाम नेलं होतं.

जुळेसोलापूर_नवीन

कळवायचं राहिलं होतं. दोन रविवार झाले. पहिल्या रविवारी पावणेसातला कंबर तलाव, मुलाला वारकरी पहिल्याच मिनिटात सापडला आणि मग तो प्रत्येक काळ्या पक्ष्याला रामकृष्णहरी म्हणत सुटला. सासूबाई स्मृती उद्यानात बसल्या होत्या, शेजारच्या बाकावरच्या आजी निघाल्या त्यांच्याच शाळेतल्या, दोन वर्ग पुढच्या. आता त्या दोघींचं मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं भेटायचं ठरलंय, मला फक्त सोडायला जायचं.

काल सिद्धेश्वराला गेलो सकाळी. सासूबाई तळ्याच्या कट्ट्यावर बराच वेळ बसल्या, मासे बघत. मुलगा किल्ल्याकडं बोट दाखवून म्हणाला पलीकडं पण जायचं. पुढच्या रविवारी जातोय, सकाळीच.

खंड्या दादा, मुलाला दुर्बीण पाहिजे म्हणतोय. तुम्ही येत्या शनिवारी तलावावर असाल तर पाच मिनिटं तुमच्यातनं बघू द्याल का त्याला?

खंड्या_विजापूररोड

पाच मिनिटं कशाला, या की सावकाश. साडेसहाला मंदिराच्या बाजूनं. डोक्याला टोपी आणि अंगात मातकट रंगाचा शर्ट घाला म्हणावं त्याला, लाल-पिवळा नको. आजींनाही आणा, माझी आई पण येती.