शब्दचर्चा: वाहतुकीचं उत्सर्जन मोजतात की काढतात?

कोलशेत
एका अहवालाच्या मराठी मसुद्यात शीर्षक आहे: 'शहरी परिवहन प्रणालींमधील हरितगृह वायू उत्सर्जनांचे मापन'. बोजड आहे हे दिसतंच आहे, पण अर्थ तरी नीट लागतो का? आत तक्त्यांत 'उत्सर्जन घटक', 'भार घटक' आणि 'कार्बन टन' असे शब्द आहेत. वाचणार ठाणे-नवी मुंबईतले नगरसेवक, डेपोतले कर्मचारी आणि वॉर्डातले कार्यकर्ते.

येऊरवाट
'परिवहन' काढाच. ठाण्यात परिवहन म्हणजे टीएमटी, खाडीपलीकडे परिवहन म्हणजे एनएमएमटी. वाचणारा फक्त बसगाड्या धरून बसेल. हिशेबात तर रिक्षा, दुचाक्या, टेम्पो, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कंटेनर, लोकल आणि बेलापूर-पेंधर मेट्रोही येते. 'शहरातली वाहतूक' पुरे. 'नागरी वाहतूक' म्हणालात तर विमानं डोळ्यांपुढे येतील. 'प्रणाली'ला इथे काही काम नाही, आणि 'उत्सर्जनांचे' हे अनेकवचन मराठी कानाला खटकतं.

पामबीच
माझा आक्षेप 'मापन'वर आहे. मापन म्हटलं की लोकांना पीयूसीची नळी दिसते. पीयूसीत पेट्रोल-सीएनजी गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा बघतात. ते प्रदूषण झालं. हरितगृह वायूंसाठी, म्हणजे हवेत उष्णता अडकवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंसाठी, कुणी सायलेन्सरला नळी लावत फिरत नाही. इंधन किती जळलं ते धरून गुणाकार करतात. १ लिटर डिझेलमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलमागे २.३१, आणि १ किलो सीएनजीमागे २.७ च्या आसपास. म्हणून 'उत्सर्जनाचा हिशेब' म्हणा, 'गणना' म्हणा. मोजायची ती फक्त कच्ची माहिती: लिटर, किलो, युनिट, किलोमीटर.

गडबडही तिथेच होते. टाकी पूर्ण भरून सुरुवात आणि पूर्ण भरूनच शेवट केला नाही, तर टाकीत उरलेलं डिझेल एका महिन्यातून दुसऱ्यात सरकतं. ज्या बसचा मीटर बंद आहे तिचे किलोमीटर वेळापत्रकावरून भरले जातात आणि रद्द झालेल्या फेऱ्याही धावल्यासारख्या दिसतात. डेपो ते पहिला थांबा ही रिकामी धाव, म्हणजे डेड किलोमीटर, भाजकातून, म्हणजे किलोमीटरच्या बेरजेतून, गळते. तिचं डिझेल मात्र इंधनाच्या बेरजेत असतं.

घणसोली नोड
'घटक' इथे साफ चुकीचा. घटक म्हणजे भाग. ज्याने गुणायचं (वरचे २.६८, २.३१) तो गुणांक, म्हणून 'उत्सर्जन गुणांक'. 'भार घटक'ला तर एसटीने कधीचा शब्द देऊन ठेवलाय: भारमान, म्हणजे आसनांपैकी किती टक्के भरली. डेपोत विचारा, चटकन समजेल.

आणि आकडा भारमानावर किती हलतो ते पाहा. समजा ४० आसनांची डिझेल बस लिटरला साडेतीन किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला सुमारे ७६६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. भारमान ७० टक्के असेल तर २८ प्रवासी, दर प्रवासी-किलोमीटर (एक प्रवासी, एक किलोमीटर) २७ ग्रॅम. ३५ टक्के धरा, लगेच ५५. बस तीच, डिझेल जवळपास तेवढंच. त्यामुळे 'प्रति किलोमीटर' एवढंच लिहिलेला स्तंभ निरुपयोगी. वाहन-किलोमीटर की प्रवासी-किलोमीटर, हे प्रत्येक वेळी लिहायचं. प्रवासी-किलोमीटर काढताना तिकिटाचा टप्पा मिळतो, पासधारकाचा मिळत नाही. पासधारक सोडले तर बस आहे त्यापेक्षा वाईट दिसते.

कोलशेत
इलेक्ट्रिक बससाठी मसुद्यात 'शून्य उत्सर्जन' आहे. ते तसंच ठेवू?

पामबीच
'बसपाशी शून्य' असं लिहा. वीज कुठेतरी कोळशावर तयार होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा गुणांक प्रसिद्ध करतं, तो अलीकडे युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास असतो. समजा मोठी वातानुकूलित बस किलोमीटरला बॅटरीतून १.२ युनिट घेते. चार्जिंगमधली घट धरून चार्जरच्या मीटरवर ते साधारण १.३५ होतात, म्हणजे ९४५ ग्रॅम. वरच्या साध्या डिझेल बसपेक्षा जास्त! मात्र त्या बसला एसी नाही, आणि डिझेल विहिरीतून पंपापर्यंत येतानाचं उत्सर्जनही त्यात धरलेलं नाही. तुलना करायची तर दोन्हीकडे सारखी करा. युनिट चार्जरच्या मीटरवरून घ्यायचे, बसच्या पडद्यावरून नाही. डेपोला एकच मीटर असेल तर वर्कशॉपचे दिवे-पंखेही बसच्या नावावर चढतात.

येऊरवाट
'कार्बन टन' धोकादायक आहे. १ टन कार्बन जळाला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो (४४ भागिले १२). कोणता टन ते सांगितलं नाही तर आकडा चौपटीच्या आसपास इकडचा तिकडे होईल. सगळे वायू एकत्र मांडताना 'कार्बन डायऑक्साइड समतुल्य'. 'सममूल्य' नको, ते शेअर बाजारातलं. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या) पाचव्या अहवालानुसार १०० वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट आणि नायट्रस ऑक्साइड २६५ पट धरतात. सीएनजी बसमधून न जळता सुटलेला मिथेन किलोमीटरला १ ग्रॅम असला तरी २८ ग्रॅमची भर पडते, आणि नुसत्या २.७ च्या गुणांकात तो येत नाही.

एसीचा गॅस तर बहुतेक तक्त्यांत नसतोच. एसीत भरतात तो एचएफसी-१३४ए हा १,३०० पट. वर्षभरात १ किलो गॅस गळून पुन्हा भरला तर जवळजवळ ४८५ लिटर डिझेल जाळल्याइतकं झालं. त्यासाठी भरणा-नोंदवही बघायची. स्तंभाला 'एसी गॅस पुनर्भरण, किलो' असं नाव द्या. 'प्रशीतक' लिहिलंत तर मेकॅनिक डोकं खाजवेल.

कोलशेत
उत्सर्जन कोणत्या शहराच्या खात्यावर धरायचं, त्यासाठी मसुद्यात 'प्रादेशिक पद्धत' आणि 'प्रेरित क्रियाकलाप पद्धत' आहेत. त्यांचं काय करायचं?

घणसोली नोड
'हद्दीनुसार' आणि 'प्रवासानुसार'. न्हावा-शेवा बंदरातून मुंब्रा बायपासने भिवंडीच्या गोदामांकडे जाणारा कंटेनर घ्या. हद्दीनुसार त्याचे ठाणे महापालिकेतले किलोमीटर ठाण्याच्या खात्यावर. प्रवासानुसार ठाण्याकडे काहीच नाही, कारण सुरुवातही इथली नाही आणि शेवटही. ठाण्यातल्या घोडबंदर रोडहून मुंबईतल्या बीकेसीला जाणारी मोटार हद्दीनुसार मुलुंड नाक्यापर्यंतच ठाण्याची, तर प्रवासानुसार निम्मी ठाण्याची आणि निम्मी मुंबईची. शहरांसाठीच्या जागतिक नियमावलीत 'विक्रीनुसार' हीही पद्धत आहे. पंपांकडून विक्रीचे आकडे मिळवणं सोपं, पण टाकी बाहेर भरून येणारे ट्रक त्यातून निसटतात.

एक करू नका: ठाण्याच्या एमएच-०४ आणि नवी मुंबईच्या एमएच-४३ च्या नोंदणीसंख्येला सरासरी धावेने गुणू नका. एमएच-०४ च्या गाड्या भिवंडीतही आहेत, भंगारात गेलेल्यांची नोंद बऱ्याचदा उरलेली असते, आणि मुंबईच्या नंबरच्या गाड्या रोज इथेच धावतात. चौकात गाड्या मोजल्या तर रस्त्याच्या त्या तुकड्याच्या लांबीने गुणा. कापूरबावडी आणि माजिवडा या जवळजवळच्या चौकांतल्या नुसत्या संख्या एकत्र केल्या तर तीच गाडी दोनदा धरली जाईल.

येऊरवाट
मग शीर्षक: 'ठाणे-नवी मुंबईतली वाहतूक: हरितगृह वायूंचा हिशेब'. खाली बारीक अक्षरात वर्ष, पद्धत, कोणते वायू, आणि गुणांक कुठल्या वर्षाचे ते.

कोलशेत
'गुणांकांचं वर्ष' मसुद्यात कुठेच नाही. विजेचा आकडा दरवर्षी बदलतो ना?

पामबीच
बदलतो. हिशेबाच्या वर्षाचाच घ्या. मागच्या वर्षांच्या ओळींना नवा लावू नका.