टीव्हीच्या भिंतीला गडद तपकिरी: लालसर झाक घेऊ की करडी?

नमस्कार मंडळी. नाशकात गंगापूर रोडला फ्लॅट आहे, दिवाळीआधी रंगकाम उरकायचंय. टीव्हीच्या भिंतीला गडद तपकिरी पक्का, बाकी तिन्ही ऑफ व्हाइट. दोन शेड निवडल्यात: एकीला लालसर झाक, दुसरीला करडी. दुकानात ट्यूबखाली दोन्ही सारख्याच दिसल्या. घरात कोटा फरशी, आईबाबांचं सागवानी कपाट आणि झोपाळा. खिडकी पश्चिमेला. कोणती घ्यावी?

सागवानप्रेमी: करडी, डोळे मिटून. कोटा हिरवट असतो, त्याच्याशेजारी लालसर तपकिरी आणखी लाल दिसतो. संध्याकाळचं ऊन पडलं की थेट विटकरी! शिवाय पॉलिश केलेलं सागवान मुळात तांबूस, ते लालसर भिंतीत हरवून जाईल. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे खांब पांढऱ्या भिंतीपुढे कसे उठून दिसतात बघा. आईबाबांचं लाकूड आहे, ते दिसायलाच हवं.

इंदिरानगरवाली: थोडी असहमत. आधी दिवे कोणते ते सांगा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली करडी शेड निस्तेज होते, रात्री भिंत जवळजवळ काळीच वाटते. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा असेल तर करडीला माझंही मत. आणि दुकानातल्या शेड कार्डावरून ठरवू नका. भोवतीच्या पांढऱ्या कागदामुळे गडद रंग आणखी गडद भासतो आणि झाक कळत नाही. दोन्हींचे सॅम्पल आणा, प्लायच्या तुकड्यांवर कड न सोडता दोन-दोन हात मारा. पूर्ण वाळू द्या, इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं. मग दोन्ही तुकडे फरशीवर, कपाटाला टेकवून उभे करा आणि सकाळी, ऊन आत आल्यावर, रात्री दिवा लावून, असे तिन्ही वेळा बघा.

धागाकर्ता: दिवे पांढरेच आहेत, पण बदलेन. पेंटर म्हणतो दोन हातांत होईल. फिनिश कोणतं?

रंगकामवाला: दोन हातांवर विसंबू नका. गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंग मिसळतात त्या मूळ पेंटमध्ये, पांढरं पिगमेंट नसल्यातच जमा असतं, त्यामुळे खालचा पांढरा प्रायमर डोकावतो. प्रायमरच करडा करून घ्या. फिनिश मॅट. चकाकी घेतलीत तर तिरप्या उन्हात पुट्टीची लाट न् लाट दिसेल. मॅटवर घासल्याच्या खुणा उठतात हे खरं, पण टीव्हीच्या भिंतीला कोण टेकतंय? डबे दोन लागले तर सुरुवातीलाच एकत्र ढवळून घ्या, नाहीतर दुकानात मशीनवर मिसळलेल्या शेडमध्येही उन्नीस-बीस होतं. आणि पावसाळ्याची ओल भिंतीत असेल तर घाई नको, आधी पूर्ण सुकू द्या.