"गायक घ्या" हा सल्ला आता पुरे

रंकाळा_पश्चिम :
आपल्या गावात दोघंजण बिनशब्दांचं पोस्ट-रॉक वाजवतात. एकाच्या हातात गिटार आणि पायाखाली लूप पेडल (वाजवलेला तुकडा पकडून पुन्हापुन्हा फिरवणारं यंत्र), दुसरा ड्रम्सवर. ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल कुणाबद्दल बोलतोय. नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न त्यांचा नाही, आपल्या ऐकण्याचा आहे. कुठंही वाजवलं की त्यांना एकच सल्ला मिळतो : "भारी वाजवताय, आता एक गायक घ्या." मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो, आणि कोल्हापूरनं तर तो देऊच नये.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी : 'पोस्ट-रॉक' हे नाव सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकानं १९९४ मध्ये रूढ केलं. वाद्यं रॉकचीच, पण मुखडा-अंतरा नाही. एक छोटा स्वरसमूह घ्यायचा, त्यावर थर चढवत जायचं, दहा-बारा मिनिटं वाढवायचं. ग्लासगोचा मोग्वाय, टेक्सासचा एक्स्प्लोजन्स इन द स्काय हे या वाटेवरचे मोठे बँड. लॉस एंजेलिसचा एल टेन इलेव्हन तर दोघांचाच आहे. दोन दांड्यांची गिटार, ड्रम्स आणि लूप, एवढ्यावर २००२ पासून चाललंय.

आता आपल्याकडं बघा. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, आणि त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीचा कणा आहे आकार. बंदिशीचे शब्द येतात, पण राग उभा राहतो तो 'आ'वर. ही गायकी ज्या गावानं जपली, जिथं देवल क्लबसारखी संगीतसंस्था १८८३ पासून आहे, तिथं शब्द नसले की ऐकायचं काय, हा प्रश्न पडतोच कसा?

राजारामपुरी_सातवी_गल्ली :
भावा, मनापासून लिहिलंयस, पण आकाराचा मुद्दा पटला नाही. बैठकीतल्या श्रोत्याला राग ओळखीचा असतो. ओळखीचा नसला तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं येणार हे कळतं, आणि ती आली की मान हलतेच. या जोडीच्या वाजवण्यात मला समच सापडत नाही. दहा मिनिटं एकच तुकडा, मग अचानक मोठा आवाज, मग संपलं. मी काय धरून बसायचं? गायक असता तर निदान एक ओळ घरी गेली असती.

बेंजोवाला_शनिवार_पेठ :
मी मिरवणुकीत बेंजो वाजवतो. आमच्यात पण गायक नसतो, पण एक गोष्ट सांगतो. बेंजोवर आम्ही ओळखीचीच गाणी घेतो. शब्द वाजत नाहीत, तरी ऐकणाऱ्याच्या तोंडात असतात, म्हणून पब्लिक नाचतं. ब्रास बँडचंही तेच. तेव्हा "बिनशब्दांचं आपल्याकडं चालतं" म्हणताना हे धरायला पायजे. या पोरांनी सुरुवातीला एखाद्या अभंगाची चाल घ्यावी, लोक बसले की मग आपलं वाजवावं. वाईट काय त्यात?

रंकाळा_पश्चिम :
@बेंजोवाला दादा, बेंजोबद्दल तुमचं बरोबर आहे, तो दाखला मी देणार नाही. पण हलगीचं काय? कुस्तीच्या मैदानात हलगी-घुमकं-कैताळ वाजतं त्याला ना गाणं ना चाल. खडाखडी चालू असताना हात वेगळा, पट काढायला गेला की वेगळा, चितपट होताना वेगळा. हळू उभं करायचं, ताणायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं, हेच तर हे दोघं करतात. खासबागेचं मैदान १९१२ चं. तेव्हापासून आपले लोक हा ताण कानांनी ओळखतात. ओळखीच्या चालीचं आमिष कशाला दाखवायचं?

@राजारामपुरी, सम आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटात लूपची पहिली फेरी पुरी होते तिथंच आवर्तन ठरतं. एकदा ते मोजलंस की ड्रम्स कुठं मुद्दाम येत नाहीत हे ऐकू यायला लागतं. त्यांच्या एका रचनेत बेस ड्रम बराच वेळ पहिल्या मात्रेवर पडतच नाही. पडतो तेव्हा सगळं बदलतं.

मंगळवार_पेठ_तालीम :
हलगीला शब्द नाहीत, मान्य. पण हलगीला काम आहे. डोळ्यांपुढं जोड सुटलीय, माती उडतेय, हलगी त्याचं सांगते. कुस्ती काढून घ्या आणि नुसती हलगी दहा मिनिटं खुर्चीत बसून ऐका म्हणा. माझ्यासारखा ऐकेल, मला तिचा नाद आहे. पण मैदानातली सगळी माणसं बसणार नाहीत. धनगरी ढोलाचंही तसंच, समोर गजनृत्य असतंय, बिरदेवाची जत्रा असतीय. शब्द नाहीत आणि प्रसंगही नाही, असं संगीत आपल्याकडं कुठं होतं ते दाखवा.

तबल्यावरचा_हात :
दाखवतो. तबल्याचं एकल वादन. प्रसंग नाही, शब्द नाहीत, आणि आपल्याकडं ते आवडीनं ऐकलं जातं. शिवाय रचनाही याच जोडीसारखी : हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा फिरत राहतो, सोळा मात्रांचा एकच तुकडा, आणि तबला त्यावर पेशकार, कायदे, रेले मांडत जातो. म्हणून मला या जोडीचं वावडं अजिबात नाही.

माझा आक्षेप वेगळाच आहे आणि तो कुणी घेत नाही म्हणून घेतो. लेहरा धरणारा माणूस असतो. तबलजीनं लय किंचित चढवली तर तो बरोबर येतो, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) अवघड असेल तर समेवर हलका जोर देऊन वाट दाखवतो. यंत्रातला लूप ऐकत नाही. तो ठरलेल्या गतीनं फिरत राहतो आणि ड्रमर त्याला बांधला जातो. दोघं आहेत म्हणता, पण शेवटच्या तीन मिनिटांत गिटारचे चार थर यंत्र वाजवत असतं. गायक नको, माझंही तेच मत. पण तिसरा माणूस हवा, जो तो तुकडा हातानं वाजवेल.

मिरजेच्या_तारा :
गिटार वाजवतो आणि लूपरही वापरतो, म्हणून हे कसं चालतं ते सांगतो. पेडलवर पहिल्यांदा पाय पडला की रेकॉर्डिंग सुरू, दुसऱ्यांदा पडला की तेवढा तुकडा गोल फिरायला लागतो, त्यापुढं वर नवे थर चढवायचे. सगळा जीव त्या दुसऱ्या पावलात असतो. पाय केसभर उशिरा पडला तर लूप लंगडतो आणि रचना संपेपर्यंत लंगडतच राहतो. एखादा सूर चुकीचा लागला तर तोही प्रत्येक फेरीत परत येतो. तेव्हा "यंत्र वाजवतं" हे अर्धंच खरं. ते तुमचंच वाजवतं, चुकीसकट, आणि सगळ्यांसमोर.

गतीबद्दल मात्र तबल्यावरचा हात यांचं म्हणणं मान्य. ड्रमर बांधला जातो. त्या बंधनात काय करतो ते बघायचं. लूप सरळ चारचा असेल आणि त्यावर तीन-तीनचे गट टाकले तर लूप तोच राहून वेगळा ऐकू येतो. हे काम आपल्या जोडीतला ड्रमर फार चांगलं करतो.

कार्यक्रम_लावणारा :
"गायक घ्या" म्हणणाऱ्यांत आम्ही आयोजकही आहोत, आमची बाजूही ऐका. वाद्यवृंद आणायचा म्हणजे डझनावारी कलाकार, त्यांचा प्रवास, जेवण, साउंड. ही जोडी दोन माणसांत येते, आम्हाला तर सोयीचीच आहे. पण तिकीट काढून आलेला माणूस मध्येच उठून गेला की पुढच्या वेळी तो कुठल्याच नव्या कार्यक्रमाला येत नाही. गायक म्हणजे त्याला बसवून ठेवायचा उपाय. गायक नको तर निवेदक तरी घ्या. दोन रचनांच्या मध्ये चार वाक्यं : ही कशावर बांधलीय, काय ऐका. आपल्या माणसाला निवेदनाची सवय आहे.

रंकाळा_पश्चिम :
निवेदनाला माझा विरोध नाही, पण "ही रचना पंचगंगेच्या पुरावर आहे" असं सांगितलं की लोक फक्त पूरच ऐकणार. काय ऐका ते सांगा, काय वाटून घ्या ते नको.

आणि माणसं उठतात त्याचं कारण जागाही आहे. या जोडीला बहुतेक वेळा उघड्यावर, डॉल्बीच्या भिंतीपुढं उभं करतात. त्यांच्या रचनेचा अर्धा भाग अगदी हळू आवाजाचा. तो पार्किंगच्या गोंगाटात गेला की उरतो नुसता शेवटचा धडाका, आणि मग राजारामपुरीच्या भावाला वाटतं की अचानक मोठा आवाज झाला. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा आपण सगळे हळहळलो. बंद सभागृह म्हणजे काय असतं हे तेव्हा सगळ्यांना कळलं होतं. या दोघांना तसलंच, लहान आणि शांत सभागृह द्या.

राजारामपुरी_सातवी_गल्ली :
मी त्यांना उघड्यावरच ऐकलंय, हे खरं. बंद जागेत असतील तर येतो. पण ओळ घरी नेता येत नाही हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

तबल्यावरचा_हात :
आणि माझं तिसऱ्या माणसाचं. एकदा तरी एक रचना पेडलविना, तिसरा वादक बसवून ऐकवा. दोन्ही शेजारी शेजारी ऐकू आणि मग बोलू.

रंकाळा_पश्चिम :
तुम्ही लेहऱ्यावर बसणार असाल तर त्यांना आजच विचारतो. हार्मोनियम घेऊन येणार का?