प्यूजो २०५ जीटीआय: १.६ घ्यावी की १.९?

घाटवळण:
मंडळी, २०५ जीटीआय घ्यायचं नक्की झालंय, घोडं अडलंय ते इंजिनपाशी. समोर तीन गाड्या आहेत: १९८५ ची १.६ लिटरची (१०५ पीएस, म्हणजे अश्वशक्ती), १९८८ ची १.६ (११५ पीएस) आणि १९८९ ची १.९ (१३० पीएस). मुक्काम लंडनच्या हद्दीत, क्रॉयडनकडे. वापर शनिवार-रविवार, सरेतले वळणावळणाचे रस्ते, वर्षातून एकदा वेल्स. ट्रॅकवर न्यायची नाही. पाना-स्क्रूड्रायव्हर चालवता येतो, पण इंजिन खोलायची तयारी नाही. १.९ चा मालक म्हणतो, १.६ म्हणजे धाकटी पाती. खरंच इतका फरक आहे का? आणि बघायला जाताना नेमकं काय तपासायचं?

नटबोल्ट:
धाकटी-थोरली काही नाही, स्वभाव वेगळे आहेत. दोन्ही प्यूजोच्या एक्सयू घराण्यातली, आठ व्हॉल्व्हची इंजिनं. बोअर (सिलिंडरचा व्यास) दोघांचा ८३ मिमी. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन किती वर-खाली जातो त्याचा: १.६ चा ७३ मिमी (१५८० सीसी), १.९ चा ८८ मिमी (१९०५ सीसी). सगळं तिथूनच येतं. ६००० आरपीएमला १.६ च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेचौदा मीटरच्या आसपास, १.९ चा साडेसतराच्या पुढे. म्हणून १.६ वरपर्यंत हसतखेळत फिरते आणि १.९ वर गेली की जरा घरघरते.

याउलट टॉर्क (इंजिनाची ओढ) बघा: १.६ चा साधारण १३४ एनएम, १.९ चा १६१. चढावर १.६ ला तिसरा टाकावा लागतो तिथे १.९ चौथ्यातच निघून जाते. शिवाय १.६ चं गिअरिंग आखूड, त्यामुळे मोटरवेवर ती सतत जास्त आरपीएमवर ओरडत राहते. वेल्सच्या फेरीत हे कानाला जाणवेल.

१०५ आणि ११५ मधला फरक मोठे व्हॉल्व्ह आणि वेगळ्या कॅमशाफ्टचा आहे, १९८६ मध्ये आला. रस्त्यावर तो मुख्यतः वरच्या आरपीएमला कळतो. नुसत्या दहा पीएससाठी १९८५ ची गाडी नाकारू नका.

आणखी एक. १.९ ला मागे डिस्क ब्रेक आणि १५ इंची चाकं, १.६ ला मागे ड्रम आणि १४ इंची. डिस्क ऐकायला भारी, पण गाडी उभी राहिली की मागचे कॅलिपर जॅम होतात आणि हँडब्रेक एका चाकाला धरतो, दुसऱ्याला नाही. फक्त शनिवार-रविवार चालणाऱ्या गाडीला ड्रम कमी कटकटीचे.

तेलकट_बाही:
वरचं सगळं बरोबर. पण इंजिनाचा आकार हा तिसरा प्रश्न आहे. पहिला पत्रा, दुसरा मागचा अ‍ॅक्सल.

मागच्या अ‍ॅक्सलच्या आडव्या नळीत नीडल बेअरिंगं असतात, त्यांवर ट्रेलिंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) फिरतो. सील गेलं की पाणी शिरतं, बेअरिंग गंजतं आणि कडक शाफ्टलाही चरे पाडतं. ओळखायची सोपी रीत: सपाट जागी गाडी उभी करून दहा-बारा फूट मागे जा आणि खाली बसून बघा. मागची चाकं वरच्या बाजूने आत कललेली दिसली, जणू गाडीने पाय फाकवलेत, तर अ‍ॅक्सल गेला. मग मागचं टोक जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. व्हील बेअरिंग ठीक असून आर्मच नळीशी हलत असेल, तर नुसती बेअरिंगं बदलून भागत नाही. शाफ्ट, कधीकधी नळीही, बदलावी लागते. टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) खाचांमध्ये गंजून चिकटलेले असतात, ते काढतानाच निम्मा दिवस जातो. सरळ दुरुस्त करून मिळणारा पूर्ण अ‍ॅक्सल बसवणं शहाणपणाचं, आणि ते पैसे किमतीतून आधी वजा करून बोला.

आता इंजिन. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, लायनर (ज्यात पिस्टन वर-खाली होतो ते नळकांडं) वेट, म्हणजे कूलंट थेट लायनरला भिडून फिरतं. इथे फसगत होते ती हेड गॅस्केटच्या कामात. हेड काढल्यावर लायनर क्लॅम्पने दाबून न ठेवता कुणी क्रँक फिरवला, तर लायनर उचलले जातात, खालचं सील हलतं आणि कूलंट खालच्या ऑइल चेंबरमधल्या तेलात उतरतं. गाडी लगेच काही सांगत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी सांगते. हेड कधी काढलं होतं, क्लॅम्प लावले होते का, हे बिलासकट विचारा. डिपस्टिकवर किंवा तेलाच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा थर दिसला तर तिथूनच नमस्कार करा. (थंडीत थोड्याच मैलांच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली किंचित थर येतो. डिपस्टिकवर आला तर मात्र सबब ऐकू नका.)

टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो. बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप तिन्ही एकदमच करायचं धरा, मैल कितीही कमी असोत.

आयडलिंग वर-खाली होत असेल तर घाबरू नका, पण किमतीत धरा. या एल-जेट्रॉनिकला (पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेला) हवा मोजणाऱ्या एअरफ्लो मीटरच्या पुढे कुठेही बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं. मीटरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप हाताने वाकवून बघा, चीर बहुधा वळणाच्या आतल्या बाजूला असते. दुसरा संशयित ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह, म्हणजे थंड इंजिनाला जास्तीची हवा देणारा.

आणि १.९ च्या बाबतीत खास: १.६ च्या बॉडीत १.९ इंजिन टाकलेल्या गाड्या खूप आहेत. नोंदणी कागदावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून बघा. कोड डी६बी असेल तर १३० पीएसचं मूळ इंजिन. डीकेझेड म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवालं, १२२ पीएस.

चौथा_गिअर:
क्रॉयडन वाचलं आणि थांबलो. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारा विभाग) लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे पालिका विभागांमध्ये आहे. युरो ४ या प्रदूषण मानकात न बसणारी पेट्रोल गाडी ज्या दिवशी बाहेर काढाल त्या दिवशी १२.५० पौंड. दारातून निघालात की मीटर सुरू. शनिवार-रविवार धरून महिन्याला आठ दिवस काढलीत तर १०० पौंड.

४० वर्षं उलटून ‘हिस्टॉरिक’ वर्गात नोंद झालेल्या गाडीला हे लागत नाही, रोड टॅक्सही शून्य. तुमच्या तिघींपैकी १९८५ ची सगळ्यात आधी त्यात बसते. फक्त हे आपोआप होत नाही, टॅक्सचा वर्ग अर्ज करून बदलून घ्यावा लागतो. आधीच्या मालकाने केलाय का, बघा. १.९ ला अजून काही वर्षं थांबावं लागेल.

पेट्रोलही ई५ सुपर (कमी इथेनॉलचं) भरा, साधं ई१० नको. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने भुसभुशीत होतात. बॉनेटखालच्या नळ्या कधीच्या आहेत ते विचारा.

घाटवळण:
यूलेझचं डोक्यातच नव्हतं, आभार. मग १९८५ चीच बघतो. दोन शंका. कल्याणला बनलेल्या प्यूजो ३०९ चे इंजिनाचे पार्ट घरी एका नातेवाइकाकडे पडून आहेत, चालतील का? आणि १.६ मध्ये पुढेमागे १.९ बसवता येईल का?

नटबोल्ट:
नाही चालणार. कल्याणच्या ३०९ ला टीयू इंजिनं होती, १.४ पेट्रोल आणि १.५ डिझेल. घराणंच वेगळं. विमानातलं वजन वाया घालवू नका.

१.९ बसतं, माउंटिंग सारखीच. पण मग तुमचीही गाडी तेलकट_बाही म्हणतायत त्या यादीत गेली. जुळणारं मूळ इंजिन असलेली १९८५ ची गाडी तशीच ठेवा.

तेलकट_बाही:
जाण्याआधी विक्रेत्याला फोन करून सांगा, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर थंड इंजिन कसं चालू होतं हे तुम्हाला दाखवायचं नाहीये. चहा घ्या, दोन तास थांबा, मग किल्ली मागा. अंधारात किंवा पावसात जाऊ नका, ओल्या पत्र्यावर बुडबुडलेला रंग दिसत नाही. ऑनलाइन एमओटीचा (ब्रिटनमधल्या गाडीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास फुकट दिसतो, तो आदल्या रात्री वाचून जा. गंजाबद्दलची सूचना एका वर्षी आहे आणि पुढच्या वर्षी गायब, तर वेल्डिंगचं बिल मागा. बिल नसेल तर तिथे लोहचुंबक लावून बघा, पुटी असेल तर नीट चिकटणार नाही.