शब्दचर्चा : ‘टाइम प्लीज’ म्हणजे थांबा की संपलं?

प्रश्न

2013 साली ‘टाइम प्लीज’ नावाचा मराठी चित्रपट आला होता. इथे लंडनला ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याला त्याचं नाव सांगितलं, तर त्याने लगेच विचारलं, “पबवर आहे का?” लहानपणी खेळताना आम्ही टाइम प्लीज घ्यायचो, तेच हे, असं मी समजावून पाहिलं. हा अर्थ त्याने कधीच ऐकला नव्हता. मग आपलं टाइम प्लीज इंग्रजी आहे की नाही? आणि नावात नेमका कोणता अर्थ धरायचा?

उत्तर

तुमच्या सहकाऱ्याला पब आठवला ते अगदी स्वाभाविक आहे. ब्रिटनमध्ये पब बंद करायची वेळ झाली की काउंटरमागचा माणूस आधी घंटा वाजवून ‘लास्ट ऑर्डर्स’ पुकारतो आणि थोड्या वेळाने ‘टाइम, जंटलमेन, प्लीज!’ म्हणतो. पहिल्या पुकाऱ्याला अजून एक ग्लास मागता येतो, दुसऱ्यानंतर मिळत नाही. यातल्या ‘प्लीज’मध्ये विनंती फारशी नाही, कारण त्यामागे कायदा उभा असायचा. पहिल्या महायुद्धात, दारूपायी युद्धसाहित्याच्या कारखान्यांतलं काम ढिलं पडेल या धास्तीने, सरकारने पबच्या वेळा आवळल्या. युद्ध संपलं तरी त्या पूर्वीसारख्या सैल झाल्या नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती आठवड्याच्या दिवसांपुरती उठली ती थेट 1988 मध्ये. पुकारा झाल्यावर हातातला ग्लास रिकामा करायला कायद्याने 10 मिनिटं दिलेली होती, ती त्याच वर्षी 20 झाली. नोव्हेंबर 2005 पासून नवा परवाना कायदा लागू झाला आणि सगळ्यांना एकच बंद होण्याची वेळ हा प्रकार मागे पडला. शब्द मात्र लोकांच्या कानात राहिले.

या पुकाऱ्याचा साहित्यातला सगळ्यात मोठा वापर टी. एस. एलियट यांच्या 1922 च्या ‘द वेस्ट लँड’ या कवितेत आहे. पबमध्ये एक बाई लिल नावाच्या मैत्रिणीची कहाणी सांगते आहे. नवरा सैन्यातून सुटून घरी यायचा आहे, दात खराब झालेत, पोरं झालीत, आणि आता जरा नीट आवर असं तिला बजावलं जातंय. त्या गप्पांना छेदत ‘हरी अप प्लीज इट्स टाइम’ ही ओळ पाच वेळा येते, तीही सगळी मोठ्या अक्षरांत. पहिल्यांदा वाचताना ती नुसती पबवाल्याची हाक वाटते. पाचव्या वेळेपर्यंत ती लिलच्या आयुष्याला उद्देशून आहे असं वाटायला लागतं. त्यानंतर पबमधल्या माणसांचे निरोप शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातल्या ओफेलियाच्या निरोपात मिसळतात. रोजच्या वापरातला, कुणाचं लक्षही न जाणारा एक वाक्प्रचार इतक्या उंचीवर नेलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे. हलक्याफुलक्या बाजूला अल मरी या विनोदी नटाची ‘टाइम जंटलमेन प्लीज’ ही मालिका आहे, 2000 ते 2002 मधली. त्यात तो पबमालकच आहे, त्यामुळे नावाचा अर्थ सरळ.

म्हणजे ब्रिटिश कानाला ‘टाइम प्लीज’ म्हणजे संपलं, आता उठा.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट. पकडापकडीत कुणाची चप्पल तुटली, कुणाला धाप लागली, कुणाला घरून हाक आली, की तो मूठ तोंडाशी नेऊन ‘टाइम प्लीज’ म्हणतो आणि त्या क्षणापासून त्याला आउट करता येत नाही. खेळ संपलेला नसतो, तो फक्त त्या एका गड्यापुरता थांबलेला असतो. इथेही ‘प्लीज’ विनंतीचा नाहीच. राज्य असलेल्याची परवानगी कुणी मागत नाही, उच्चारलं की लागू. फरक इतकाच, की पबमध्ये हुकूम मालकाचा असतो आणि आपल्या खेळात तो अधिकार दमलेल्या गड्याकडे असतो. मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

हा अर्थ इंग्रज मुलांकडेही आहे, शब्द वेगळे आहेत. आयोना आणि पीटर ओपी या जोडप्याने ब्रिटनभरच्या शाळकरी मुलांची बोली गोळा केली आणि 1959 मध्ये त्यावर ग्रंथ काढला. त्यात खेळ थांबवण्याच्या शब्दांचा चक्क नकाशा आहे. स्कॉटलंड आणि पश्चिमेकडे ‘बार्ली’, लंडनच्या आसपास ‘फेनाइट्स’, ईशान्येला डरहॅम-न्यूकॅसलकडे ‘स्किंच’, पूर्वेकडे ‘किंग्ज’ किंवा ‘क्रॉसेस’, आणि उच्चभ्रू शाळांमध्ये ‘पॅक्स’, म्हणजे लॅटिनमधली शांतता. खूण बहुतेक ठिकाणी एका बोटावर दुसरं बोट चढवायची. मराठीत असा नकाशा व्हायला हवा. कोकणात, खानदेशात, विदर्भात, बेळगावात मुलं काय म्हणायची आणि हात कसा करायची हे सांगू शकणारी माणसं आज आहेत, तोवर ते लिहून घेतलं पाहिजे.

आपला ‘टाइम’ आला कुठून? मला स्वतःला मैदानाचा मार्ग जवळचा वाटतो. क्रिकेटच्या नियमांत पंच ‘प्ले’ म्हणून खेळ सुरू करतात आणि ‘टाइम’ म्हणून थांबवतात. मग जेवणाची सुटी असो, पाऊस असो की सामना संपलेला असो. थांबणं आणि संपणं दोन्ही त्या एका शब्दात आहे. कबड्डीत संघाला प्रत्येक डावार्धात 30 सेकंदांचे दोन ‘टाइम आउट’ मिळतात, तोही याच घरातला शब्द.

‘टाइम आउट’ची शीर्षकं मात्र इंग्रजीत भरपूर आहेत. 1968 मध्ये लंडनला सुरू झालेलं शहरातल्या करमणुकीची माहिती देणारं नियतकालिक त्याच नावाचं. त्याहून सुंदर म्हणजे डेव्ह ब्रूबेक यांची 1959 ची जॅझ तबकडी ‘टाइम आउट’. संगीतात ‘टाइम’ म्हणजे ताल, आणि या तबकडीत जॅझच्या नेहमीच्या चार मात्रांबाहेर जाण्याचा प्रयोग होता. त्यातली पॉल डेझमंड यांची रचना ‘टेक फाइव्ह’. रोजच्या बोलण्यात याचा अर्थ पाच मिनिटं विश्रांती घ्या, आणि ती रचना आहे पाच मात्रांची. साध्या बोलण्यातले दोन शब्द, आणि शीर्षकात दोन्ही अर्थ खरे.

आता चित्रपट. त्याच्या नावाखालीच ‘लव्हस्टोरी लग्नानंतरची’ असं होतं. पबचा अर्थ धरला तर लग्न आटोपलं असं होईल, आणि कथेचा रोख तर तसा नाही. लग्न झालेल्या दोघांना डाव न मोडता मध्येच थांबायची गरज पडते, म्हणून अंगणातलाच अर्थ धरायचा. याला बळ देणारी आणखी एक गोष्ट आहे. हा चित्रपट ज्या नाटकावरून झाला त्याचं नाव ‘नवा गडी नवं राज्य’. तीही खेळातलीच आरोळी. डावात नवीन गडी आला की राज्य पुन्हा पहिल्यापासून. एकाच गोष्टीला रंगभूमीवर एक आरोळी आणि पडद्यावर दुसरी.

आणखी एका वाचकाची भर

‘कच्चा लिंबू’ही याच ओळीत घ्या. 2017 चा प्रसाद ओक दिग्दर्शित चित्रपट. खेळात ज्याला घेतात पण ज्याचं आउट होणं धरत नाहीत, तो कच्चा लिंबू. विशेष मुलाच्या आईवडिलांच्या गोष्टीला हे नाव दिलंय आणि ते काळजाला भिडतं. शिवाय एक शंका : बसस्टॉपवर घड्याळवाल्या माणसाला ‘टाइम प्लीज?’ विचारायचे, त्याचं काय?

उत्तर

‘कच्चा लिंबू’ची भर फार चांगली, ते मला सुचायला हवं होतं. बसस्टॉपवरचं ‘टाइम प्लीज?’ हा वेगळा, तिसरा अर्थ. ते ‘किती वाजले’चं आखूड रूप आहे आणि तिथे आवाज शेवटी वर जातो. तिथला ‘प्लीज’ मात्र खरोखर विनंतीचा आहे, समोरचा नाही म्हणू शकतो. खेळातल्याला आणि पबमधल्याला नाही म्हणता येत नाही.

तुमच्या सहकाऱ्याला चित्रपटाचं नाव इंग्रजीत सांगायचं तर ‘टाइम आउट’ सांगा, अर्थ पोचेल. त्यात संघाचा प्रशिक्षक आणि पंच डोकावतात, पोरं डोकावत नाहीत, एवढी उणीव राहील. सहकारी स्कॉटिश असता तर ‘बार्ली’ म्हणून पाहा असं सुचवलं असतं. मराठी क्रियापदाबद्दलही सांगतो : टाइम प्लीज घेतात, मागत नाहीत. मुलांनी ते क्रियापद अचूक निवडलं आहे.